निवडलेले आणि गाळलेले लेड झेपलिन

प्रति,
माननीय संपादक,
सस्नेह नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या श्रोत्यांसाठी पाश्चात्त्य संगीताची जी लेखमाला सुरू आहे, तिच्यातील लेड झेपलिन या ब्रिटिश हार्ड रॉक गटाच्या ‘मदरशिप’ या संकलनावरचा लेख मी दोन वेळा वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला एवढी जागा द्यावी याचा आनंद झाला आणि लेखकाचे या संगीतावरचे प्रेमही ओळीओळीतून जाणवले. मात्र लेखाचा जो निष्कर्ष आहे, म्हणजे या दोन तबकड्या ऐकल्या की लेड झेपलिन ‘संपूर्ण’ ऐकून होते आणि मूळ अल्बमच्या वाटेला जाण्याची गरज उरत नाही, तो मला मुळीच पटला नाही. हा पत्रप्रपंच त्यासाठी आहे. पत्र लांबले आहे. कापावे लागले तर शेवटचे परिच्छेद आधी कापावेत, एवढीच विनंती.

आधी लेखातील दोन चुका. ‘काश्मीर’ हे गाणे काश्मीरच्या प्रवासात सुचले असे लेखात म्हटले आहे. गायक रॉबर्ट प्लँट यांना त्या गाण्याचे शब्द १९७३ साली मोरोक्कोच्या दक्षिणेकडील ओसाड प्रदेशातून जाणाऱ्या, संपता न संपणाऱ्या सरळ रस्त्यावर सुचले, आणि तोवर त्यांनी काश्मीर पाहिलेही नव्हते. दुसरी चूक समजण्यासारखी आहे, कारण ती जुन्या श्रोत्यांकडूनही होते. ‘हाउसेस ऑफ द होली’ हे गाणे त्याच नावाच्या १९७३ च्या अल्बममध्ये नाही. ते त्या वेळी ध्वनिमुद्रित होऊनही बाजूला ठेवले गेले आणि १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’ या जोड अल्बममध्ये आले. संकलनातून गाणे ऐकणाऱ्याला ते कुठल्या घरातले आहे हे कळत नाही, याचा हा एक छोटा पुरावाच म्हणायचा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘मदरशिप’ नोव्हेंबर २००७ मध्ये बाजारात आले. दोन तबकड्यांवर मिळून २४ गाणी आहेत, आणि ती गटाचे हयात असलेले तिन्ही सदस्य, म्हणजे गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट आणि बेस व कीबोर्ड वाजवणारे जॉन पॉल जोन्स यांनी स्वतः निवडलेली आहेत. ढोलवादक जॉन बोनम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेले आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी गट थांबवल्याचे जाहीर केले. दुसरा ढोलवादक घेऊन गाडी पुढे रेटणारे गट आपण पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे तो निर्णय मला आजही मोठा वाटतो. तेव्हा ‘मदरशिप’ म्हणजे एखाद्या कंपनीने परस्पर केलेली जुळवाजुळव नव्हे. तिघांनी आपल्या सगळ्या कामाकडे मागे वळून पाहत आपल्या हाताने काढलेला हा निवडक खंड आहे. म्हणूनच त्यात काय घेतले याइतकेच काय सोडले हे पाहायला हवे. निवड दुसऱ्या कुणाची असती, तर वगळलेल्या गाण्यांबद्दल संपादकाला दोष देऊन मोकळे होता आले असते. येथे ती सोय नाही.

हिशेब सोपा आहे. १९६९ च्या पहिल्या अल्बममधून चार गाणी, त्याच वर्षीच्या दुसऱ्यातून तीन, १९७० च्या तिसऱ्यातून दोन, १९७१ च्या चौथ्यातून चार, ‘हाउसेस ऑफ द होली’मधून चार, ‘फिजिकल ग्राफिटी’तून तीन, आणि १९७६ चा ‘प्रेझेन्स’ व १९७९ चा ‘इन थ्रू द आउट डोअर’ यांतून प्रत्येकी दोन. बोनम यांच्या निधनानंतर उरलेल्या मुद्रणांतून १९८२ साली निघालेल्या ‘कोडा’तील एकही गाणे नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. ‘फिजिकल ग्राफिटी’त १५ गाणी आहेत आणि त्यांतली तीनच आली, हेही मी एकवेळ जागेची अडचण म्हणून सोडून देईन, जरी ‘टेन इयर्स गॉन’ नसलेली कुठलीही झेपलिनची निवड माझ्या लेखी अपुरीच आहे.

तिसऱ्या अल्बमच्या बाबतीत मात्र मी गप्प बसणार नाही. १९७० मध्ये पेज आणि प्लँट वेल्समधील ‘ब्रॉन-इर-आउर’ नावाच्या, वीज नसलेल्या एका लहानशा घरात काही दिवस जाऊन राहिले. दौऱ्यांची दगदग आणि मोठमोठ्या ध्वनिवर्धकांची भिंत मागे टाकून, हातात साधी गिटार घेऊन, त्यांनी तिथे जे रचायला घेतले त्यातून पुढे तिसऱ्या अल्बमचा स्वभाव ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो अल्बम निघाला तेव्हा अनेक समीक्षक गोंधळले, कारण ‘होल लॉट्टा लव्ह’सारख्या गडगडाटाची पुनरावृत्ती ऐकायला बसलेल्यांच्या हाती लोकगीताच्या वळणाची ‘गॅलोज पोल’, ‘टॅन्जरीन’ आणि ‘दॅट्स द वे’ अशी गाणी पडली होती. आज त्या अल्बमची दुसरी बाजू ही या गटाने केलेल्या सर्वांत धाडसी कामांपैकी एक मानली जाते. ‘मदरशिप’मध्ये त्या दुसऱ्या बाजूवरचे एकही गाणे नाही. जी दोन गाणी घेतली ती पहिल्या बाजूची आहेत, ‘इमिग्रंट साँग’ आणि ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’. दोन्ही उत्कृष्ट आहेत याबद्दल वाद नाही, पण ती ज्या अल्बममधून आली त्याचा चेहरा त्यांच्यात दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल की संकलनात साध्या गिटारचा आवाज आहेच की. ‘बेब आय अॅम गॉना लीव्ह यू’ त्यानेच सुरू होते, ‘रॅम्बल ऑन’ आणि ‘ओव्हर द हिल्स अँड फार अवे’ही तशीच सुरू होतात, आणि ‘स्टेअरवे टू हेवन’च्या सुरुवातीचे ते सूर तर रॉक न ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असतात. हे सारे खरे आहे. पण या चारही गाण्यांत साधी गिटार उंबरठ्यापुरती येते. ती दार उघडते आणि मग विजेची गिटार व बोनम यांचे ढोल घरात शिरतात. जिथे साधी गिटार किंवा मॅन्डोलिन अखेरपर्यंत घर सांभाळते, ते झेपलिन या २४ गाण्यांत कुठेच नाही. चौथ्या अल्बममधील ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’मध्ये पेज मॅन्डोलिन वाजवतात आणि प्लँट यांच्याबरोबर सँडी डेनी ही लोकसंगीताची गायिका गाते; ते गाणे १९९० च्या ‘रीमास्टर्स’ या संकलनात होते, १९९९ च्या ‘अर्ली डेज’मध्येही होते. ‘गोइंग टू कॅलिफोर्निया’ आणि ‘टॅन्जरीन’ १९९० च्या चार तबकड्यांच्या, ५४ गाण्यांच्या पेटीत होती. म्हणजे आधीच्या या निवडींनी या अंगाला थोडीफार तरी जागा दिली होती आणि ‘मदरशिप’ने ती काढून घेतली. आपल्याकडच्या श्रोत्याला समजेल असे सांगायचे, तर एखाद्या मोठ्या ख्यालगायकाचे ‘निवडक’ काढताना सगळे विलंबित ख्याल वगळावेत आणि द्रुत बंदिशी व तराणेच ठेवावेत, असा हा प्रकार आहे. गायक कसा तयारीचा होता ते कळेल, पण राग कसा मांडत असे ते कळणार नाही.

या वगळण्यातले एक गाणे मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे. तिसऱ्या अल्बममध्ये ‘इमिग्रंट साँग’च्या लगेच पाठोपाठ ‘फ्रेंड्स’ नावाचे गाणे येते. त्यात पेज यांनी साध्या गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांना लावल्या आहेत आणि मागे तंतुवाद्यांचा पूर्वेकडे झुकणारा ताण आहे. हेच गाणे आणि चौथ्या अल्बममधील ‘फोर स्टिक्स’ अशी दोन गाणी पेज आणि प्लँट यांनी १९७२ साली मुंबईत, मुंबईच्या वादकांना घेऊन, तबल्याच्या आणि तंतुवाद्यांच्या साथीने पुन्हा ध्वनिमुद्रित केली. त्या काळातच कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोमध्ये हे दोघे स्थानिक वादकांबरोबर वाजवायला उभे राहिले होते, ही आठवण मुंबईतील जुनी रॉकप्रेमी मंडळी अजून सांगतात. ती मुंबईची मुद्रणे अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले, जेव्हा पेज यांनी ‘कोडा’ची वाढीव आवृत्ती काढली. ‘मदरशिप’च्या वेळी ती अप्रकाशितच होती, त्यामुळे ती घेतली नाहीत याचा राग धरण्यात अर्थ नाही. पण मूळचे ‘फ्रेंड्स’ घेता आले असते. १९९४ साली पेज आणि प्लँट पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन्ही गाणी नव्याने वाजवली आणि ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’साठी नजमा अख्तर या भारतीय वंशाच्या ब्रिटिश गायिकेला बोलावले. या गाण्यांचे मोल त्यांना ठाऊक नव्हते असे त्यामुळे म्हणवत नाही. पूर्वेकडे पाहणारे झेपलिन ‘मदरशिप’मध्ये एकट्या ‘काश्मीर’वर भागवले आहे, आणि ‘काश्मीर’ कितीही भव्य असले तरी ते त्या प्रवासाचे शेवटचे स्थानक आहे, अख्खा प्रवास नव्हे.

दुसरी गोष्ट गाण्यांच्या जोडणीची. माझ्या पिढीने हे संगीत ९० मिनिटांच्या कॅसेटवर मित्राकडून भरून घेऊन ऐकले. त्यात आपण स्वतःच संकलनकार असायचो आणि कुठले गाणे कुठल्याच्या मागे ठेवायचे यावर वसतिगृहात तासन्‌तास वाद घालायचो. तेव्हा कळलेली एक गोष्ट अशी की झेपलिनची काही गाणी एकटी सुटतच नाहीत. दुसऱ्या अल्बममधील ‘हार्टब्रेकर’ मध्येच, वाक्य अर्धवट तोडल्यासारखे थांबते आणि क्षणात पुढचे ‘लिव्हिंग लव्हिंग मेड’ सुरू होते. कान त्या झटक्याची वाट पाहत असतो. ‘मदरशिप’मध्ये ‘हार्टब्रेकर’ तसेच तुटते आणि पुढे येते ते ‘इमिग्रंट साँग’. जिना उतरताना पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि जमीन लागावी, तसे होते. ‘द साँग रिमेन्स द सेम’ मूळ अल्बममध्ये धावत धावत ‘द रेन साँग’च्या शांततेत शिरते. येथे ‘द रेन साँग’ नाही, त्यामुळे ती धाव कुठेच पोहोचत नाही. चौथ्या अल्बमचा शेवट ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ने होतो, येथे ते ‘स्टेअरवे टू हेवन’च्या आधी येते, म्हणजे तबकडी संपताना श्रोत्याच्या कानात अपेक्षित तेच गाणे राहावे. व्यापार म्हणून हे बरोबर असेल, पण रचना म्हणून मला ते रुचले नाही.

ज्या गटाने ब्रिटनमध्ये आपल्या हयातीत सुटी गाणी, म्हणजे सिंगल, काढायलाच नकार दिला, त्याच्याकडून हे व्हावे याचे नवल वाटते. व्यवस्थापक पीटर ग्रँट आणि पेज यांचा आग्रह असा होता की ऐकायचे तर अल्बम संपूर्ण ऐकावा. ‘स्टेअरवे टू हेवन’ला एवढी मागणी असतानाही त्यांनी ते विक्रीसाठी सुटे काढले नाही. ‘मदरशिप’च्या वेळी परिस्थिती बदलली होती. त्याच महिन्यात या गटाची सगळी गाणी पहिल्यांदाच डिजिटल विक्रीला आली, आणि लंडनमधील ‘ओटू’ सभागृहात या गटाच्या ‘अटलांटिक’ या रेकॉर्ड कंपनीचे संस्थापक अहमत अर्तेगुन यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलीची हवा तयार होती. पेज यांचे बोट मोडल्यामुळे ती मैफल पुढे ढकलून १० डिसेंबर २००७ रोजी झाली आणि ढोलावर जॉन बोनम यांचे चिरंजीव जेसन बसले. त्या रात्री वाजलेल्या १६ गाण्यांपैकी ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’, ‘फॉर युअर लाइफ’ आणि ‘मिस्टी माउंटन हॉप’ ही तीन ‘मदरशिप’मध्ये नाहीत. रसिकांसमोर उभे राहायची वेळ आली तेव्हा त्या तिघांनाही आपल्याच निवडीबाहेर जावे लागले, एवढे मी नोंदवून ठेवतो.

लेखात ध्वनीच्या ‘नव्या झळाळी’चे कौतुक आहे. जॉन डेव्हिस यांनी केलेल्या या रीमास्टरिंगमध्ये, म्हणजे जुन्या मुद्रणांवरच्या नव्या ध्वनिसंस्कारात, आवाजाची पातळी बरीच वर उचललेली आहे, त्यामुळे मोबाइलवर किंवा गाडीत ऐकताना ती गाणी भरीव वाटतात हे खरे. पण झेपलिनचे बळ हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतरात आहे. ‘बेब आय अॅम गॉना लीव्ह यू’मध्ये प्लँट यांचा आवाज जवळजवळ पुटपुटण्यापर्यंत खाली येतो आणि मग सगळा गट कोसळतो, खालची पातळीच वर आणून ठेवली तर कोसळायला उंची उरत नाही. याउलट ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या नव्या रूपातही दबलेले नाही, कारण त्याची भव्यता मुळातच खोलीची आहे. हॅम्पशरमधील ‘हेडली ग्रेंज’ या जुन्या वास्तूत जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या प्रवेशदालनात बोनम यांचे ढोल मांडून, ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन मायक्रोफोन जिन्यावर वर टांगले आणि त्या जिन्याच्या पोकळीत घुमणारा आवाज टिपला. ज्यांना या गटात एकच गोष्ट ऐकायची असेल त्यांनी त्या गाण्याचे पहिले काही सेकंद ऐकावेत. त्यांत गिटार नाही, गाणे नाही, फक्त एक माणूस, त्याचे ढोल आणि एक जिना आहे.

त्याच गाण्यावरून श्रेयाचा विषय निघतो, ज्याला लेखात स्पर्शही नाही. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे मुळात १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचे, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय जोडप्याने १९२९ साली मुद्रित केलेले ब्लूज आहे आणि झेपलिनने मिनी यांचे नाव दिले आहे. सगळीकडे असे झालेले नाही. ‘होल लॉट्टा लव्ह’साठी ब्लूज गीतकार विली डिक्सन यांना १९८५ साली न्यायालयात जावे लागले आणि तडजोडीनंतर त्यांचे नाव आले. ‘बेब आय अॅम गॉना लीव्ह यू’ हे अॅन ब्रेडन यांचे गाणे. त्यांचे नाव १९९० च्या सुमारास जोडले गेले. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’च्या बाबतीत मात्र ‘मदरशिप’मध्येही त्याच नावाचे मूळ गाणे करणारे अमेरिकन गायक जेक होम्स यांचा उल्लेख नव्हता, त्यांनी २०१० मध्ये दावा लावल्यावर, २०१२ साली ओटू मैफलीचे ध्वनिमुद्रण निघाले तेव्हा त्यांच्या नावाची नोंद आली. झेपलिनने घेतलेल्या गाण्यांचे रूप पार पालटून टाकले, हे मान्य करूनही मला वाटते की आयुष्यभराच्या कामाचा निवडक खंड काढताना देणी चुकती करायला चांगली संधी होती. आपल्याकडे बंदिशीचे श्रेय न देता ती गायली तर मैफलीतला जाणकार श्रोता मध्यंतरात हळूच विचारतोच.

एवढी तक्रार करूनही ‘मदरशिप’ वाईट आहे असे मी म्हणत नाही. मुंबईत काळ्या घोड्याचे रिदम हाउस सुरू होते त्या दिवसांत तिथून मी ते स्वतः विकत घेतले आणि पुढे अनेकांना दिलेही. ‘नो क्वार्टर’, ‘अकिलीस लास्ट स्टँड’ आणि ‘इन द इव्हनिंग’ ही लांब, सवंग न होणारी गाणी त्यात आहेत, याबद्दल निवडकर्त्यांचे मनापासून कौतुक वाटते. रेडिओला सोयीची गाणी घेऊन ते सहज सुटू शकले असते. ‘ऑल माय लव्ह’ घेतले हेही मला हलवून गेले. प्लँट यांचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक १९७७ साली गेला, त्याच्यासाठीचे ते गाणे आहे. रचनाकारांत पेज यांचे नाव नाही, आणि तरीही तिघांनी मिळून संकलनाचा शेवट त्यानेच केला आहे. असा शेवट बाजारासाठी निवडत नाहीत.

तेव्हा आपल्या लेखमालेच्या नव्या वाचकाने ‘मदरशिप’पासून सुरुवात करावी, यात मला काही गैर वाटत नाही. फक्त ते ऐकून झाल्यावर तिसरा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये न थांबता ऐकावा, आणि शक्य झाल्यास २०१५ च्या ‘कोडा’मधले मुंबईचे ‘फ्रेंड्स’ शोधून त्यानंतर लावावे, एवढी एक ओळ पुढील रविवारी लेखाच्या दुरुस्तीबरोबर छापता आली तर मी आपला आभारी राहीन. दुरुस्ती छापताना ‘काश्मीर’ मोरोक्कोतले, हे कृपया विसरू नये. माझ्या पुतण्याने आपला लेख वाचून ते गाणे श्रीनगरच्या सहलीच्या व्हिडिओला लावले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक जुना वाचक, पुणे